लाल शाईचा फ्रेंच मास्तर

संध्याकाळी साडेसहाला माझ्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. इमारतीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, आत सत्यनारायण आहे. एक आजी तर एकदा प्रसादासाठी वाटी घेऊन थेट आत आल्या आणि वीस जणांचं एकसुरात 'बोंज्यूर' ऐकून तशाच मागे फिरल्या. मी फ्रेंच शिकवतो. नाशिकमध्ये, गंगापूर रोडच्या बाजूला एका दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये.

त्याआधी सगळी नोकरी अंबडला एका कारखान्यात केली. तिथली यंत्रं फ्रान्सहून यायची आणि प्रत्येक यंत्राबरोबर विटेएवढी जाड पुस्तकं यायची. ती वाचून फोरमनला मराठीत समजावणं हे माझं काम होतं. त्यामुळे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे फ्रेंचमध्ये कसं म्हणतात ते कळायच्या आधी 'झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा' हे मला पाठ झालं. त्या पुस्तकातला एक शब्द चुकीचा लावला तर कोणाचं तरी बोट जायचं. चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची, ही सवय त्या दिवसांत हाडीमाशी खिळली. निवृत्त झालो, यंत्रं सुटली, सवय सुटली नाही. घरात कोणी 'पानी' म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप 'पाणी' निघतं. विद्यार्थ्यांच्या वह्या तर मी लाल शाईने न्हाऊ घालतो. आमची ही म्हणते, "उद्या देव प्रसन्न झाला तरी तुम्ही 'वर माग' ऐकून घेण्याआधी त्याचं शुद्धलेखन तपासाल."

आता नाशिकच्या माणसाला फ्रेंच कशाला, हे सांगायला हवं. कॅनडा हा दोन भाषांचा देश आहे, इंग्रजी आणि फ्रेंच. कागदावर दोघींचा मान सारखा. प्रत्यक्षात क्वेबेक नावाच्या एका मोठ्या प्रांतात फ्रेंचचं राज्य, आणि बाकी देशात इंग्रजीचं. पण त्या बाकीच्या देशातही फ्रेंच बोलणारी गावं विखरून आहेत, कुठे खाडीकाठी, कुठे गव्हाच्या शेतांमध्ये. तिथली पोरं शहरात जातात, इंग्रजी होतात, आणि गावातली शाळा, चर्च, दुकान यांतली फ्रेंच भाषा म्हाताऱ्यांबरोबर संपत जाते. म्हणून तिथल्या सरकारने ठरवलं की अशा गावांसाठी बाहेरून फ्रेंच बोलणारी माणसं आणायची. ज्याला फ्रेंच येतं त्याला कॅनडाचं दार जरा लवकर उघडतं. ही बातमी पसरली आणि माझ्या दाराबाहेर चपला वाढल्या.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नाही. आपली भाषा जगावी म्हणून पृथ्वीच्या पलीकडच्या अनोळखी माणसांना 'आमच्यात राहायला या' म्हणून बोलावणारी गावं असू शकतात, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं. आपण भाषेसाठी मोर्चे काढतो, पाट्या बदलतो. ते लोक शेजारची खोली रिकामी करून ठेवत होते.

विद्यार्थ्यांना मात्र असलं काही पडलेलं नसतं. त्यांना परीक्षा पडलेली असते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे तिचे चार भाग. पायऱ्यांची नावं ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशी. पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणारा एक जण द्राक्षांचा हंगाम संपला की माझ्याकडे यायचा. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, बी-टू म्हणजे काय माल? एक्स्पोर्टचा का लोकलचा?" मी म्हटलं, एक्स्पोर्टचा. तो म्हणाला, "मग भरा."

पंचवटीतल्या पूजा सांगणाऱ्या एका गुरुजींचा मुलगा तर माझ्या कारकिर्दीतला चमत्कार होता. त्याने बोलण्याच्या परीक्षेची चाळीस उत्तरं स्वरासकट पाठ केली. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी त्याला मध्येच थांबवून काही विचारलं, तर हा हात जोडून पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू. तीनदा थांबवलं, तीनदा पहिल्यापासून. नापास होऊन आला तेव्हा मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, आमच्यात खंड पडला की पहिल्यापासूनच म्हणतात." दुसऱ्या खेपेला पास झाला. आता तिकडे एका फ्रेंच शाळेत कॉम्प्युटर सांभाळतो आणि हिवाळ्यात बर्फ उपसतानाचे फोटो पाठवतो.

हे सगळे हुशार होते. पण मी ज्याच्यापुढे मनातून हात जोडतो असा विद्यार्थी एकच, यशोदा. ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. घरात कोकणी, म्हणजे आपल्या पश्चिमेच्या डोंगरातली कोकणी. आश्रमशाळेत मराठी, नर्सिंगला इंग्रजी, हॉस्पिटलच्या वॉर्डात हिंदी आणि गरजेपुरती अहिराणी. फ्रेंच ही तिची सहावी भाषा, आणि ती शिकायला ती ड्युटी संपवून, पायाला सूज घेऊन यायची.

तिच्या वहीत माझी लाल शाई सगळ्यात जास्त सांडली. लिहिणं कच्चं होतं, उच्चार डोंगरातले होते. मी दर वाक्याला तिला थांबवायचो. ती मान खाली घालून पुन्हा म्हणायची. पण ऐकण्याच्या सरावात मात्र ती सगळ्यांच्या पुढे असायची. आवाज खरखरीत असो, बोलणारा घाईत असो, हिला कळायचं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "सर, आमच्या वॉर्डात निम्म्या म्हाताऱ्यांना दात नाहीत. त्यांना काय हवंय ते कळलं नाही तर काम कसं करणार?"

परीक्षेत तिला पाहिजे तेवढे गुण मिळाले. गव्हाच्या सपाट मुलखातल्या एका छोट्या फ्रेंच गावातून वृद्धाश्रमासाठी विचारणाही आली. आता त्या आश्रमाचं नोकरीचं पत्र आलं की तिची फाईल पुढे सरकणार होती. पण वेळ कमी होता. फ्रेंचच्या जोडीला लागणारी इंग्रजीची परीक्षा तिने आधीच दिली होती; त्या निकालाची मुदत महिनाभरात संपत होती, आणि ती संपली की सगळा डाव पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. नवरा वर्षापूर्वी अपघातात गेलेला. सहा वर्षांची मुलगी पाड्यावर आजीजवळ. पुन्हा डाव मांडण्याइतकी रजा आणि बळ तिच्याकडे नव्हतं, हे ती न सांगता मला माहीत होतं.

पत्र देण्याआधी त्या गावाची एक रीत होती. आश्रमाच्या व्यवस्थापक बाई आणि गावातलं एक जुनं माणूस असे दोघं मिळून उमेदवाराशी व्हिडिओवर गप्पा मारायचे. यशोदाच्या होस्टेलवर नेटची बोंब, म्हणून ती माझ्या वर्गात बसली. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, तिच्यापासून हातभर अंतरावर. माझं काम एकच होतं, गप्प बसणं.

जुनं माणूस म्हणजे मादाम एव्हलिन. वय ऐंशीच्या पुढे, पांढरे केस, शेतात राबलेले मोठे हात. व्यवस्थापक बाईंचे ठरावीक प्रश्न झाल्यावर एव्हलिनबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांची थोरली बहीण, रोझ, त्याच आश्रमात होती. दोघी लहानपणी घरात फ्रेंच बोलायच्या, बाहेर इंग्रजी. आता रोझची स्मृती जात होती. आणि स्मृती जाताना, त्या सांगत होत्या, शेवटी शिकलेली भाषा आधी जाते. रोझच्या डोक्यातून इंग्रजी पार पुसून गेलं होतं. आश्रमातल्या बऱ्याच मुली इंग्रजी बोलणाऱ्या. रोझ पाणी मागायची आणि त्या मुली हसून तिची उशी सारखी करायच्या.

इथपर्यंत मला समजलं, कारण व्यवस्थापक बाई मधून मधून पुस्तकी फ्रेंचमध्ये सांगत होत्या. पुढे एव्हलिनबाई रंगात आल्या आणि स्वतःच्या गावच्या बोलीत सुटल्या, आणि मी साफ आडवा झालो. इतकी वर्षं फ्रेंच वाचलेला माणूस, मला चार वाक्यांत एक शब्द लागेना. यशोदा मात्र माना डोलावत होती, मध्ये प्रश्न विचारत होती, एकदा तर दोघी हसल्या. खरं सांगायचं तर मला राग आला. मला कळत नाही, याचा राग मी त्या म्हातारीच्या भाषेवर काढत होतो.

तेवढ्यात एक शब्द ओळखीचा आला. 'अस्तोर'. आत्ता, सध्या, अशा अर्थाचा. माझ्या पुस्तकात त्याच्यापुढे 'गावंढळ' असं लिहिलेलं आहे. आणि माझी जीभ टाळूला लागली. मी 'च्च' केलं आणि ठणठणीत आवाजात म्हणालो, "मँत्नां!" आत्ताला शुद्ध फ्रेंचमध्ये तसं म्हणतात.

लॅपटॉपने ते इमानदारीने तिकडे पोचवलं. एव्हलिनबाई थांबल्या. त्यांचा हात तोंडावर गेला. खोलीत कोणी आहे का, अशा नजरेने त्यांनी पडद्यात पाहिलं, आणि मग इंग्रजीत म्हणाल्या, "माफ करा. माझं फ्रेंच चांगलं नाही."

ज्या बाईने जन्मभर त्या भाषेत स्वप्नं पाहिली, तिने यंत्रांची पुस्तकं वाचून फ्रेंच शिकलेल्या माणसाची माफी मागितली. त्यानंतर त्या एकही शब्द फ्रेंच बोलल्या नाहीत. व्यवस्थापक बाईंनी 'कळवू' म्हणून निरोप घेतला.

मला वाटलं, यशोदा रडेल किंवा ओरडेल. तिने कागद गोळा केले, पिशवीत घातले, दाराशी जाऊन चप्पल घातली आणि मग वळली. "सर, तुम्हाला एक सांगू? मी चौथीत असताना आई शाळेत आली होती. गुरुजींना काहीतरी विचारत होती, आमच्या बोलीत. गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, बाई, नीट मराठीत बोला. आईनं हात असाच तोंडावर नेला. पुन्हा ती शाळेत आलीच नाय. मला नर्सिंगचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा गेटाबाहेर बसून राहिली. आत सगळी नीट बोलणारी माणसं हायेत, म्हणे."

मी म्हणालो, "मी पत्र लिहितो. माफीचं. आत्ता लिहितो."

"नका, सर. तुमचं पत्र लय चांगलं असेल. त्याचीच भीती हाय."

मी उचललेलं पेन खाली ठेवलं. ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "आई म्हणती, ज्याला दुखावलं त्याच्या दारात जाऊन पाणी मागायचं. त्यानं पाणी दिलं की विषय संपला."

"यशोदा, ती बाई कॅनडात आहे."

"म्हणून तर शब्दच मागू. रोझआजी पाणी कसं मागतात, ते शिकवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर बसून व्यवस्थापक बाईंच्या फोनवर आवाजी निरोप पाठवला. मादाम एव्हलिनना ऐकवा म्हणाली. तो मला अजून पाठ आहे. "मादाम, तुमच्या बहिणीला तहान लागली की त्या काय म्हणतात? मला शिकवाल का? माझ्या सरांनाही शिकवा. त्यांना येत नाही." शेवटचं वाक्य बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. निरोपात दोन चुका होत्या. मी त्या तशाच जाऊ दिल्या, आणि माझ्या बाबतीत ते सोपं काम नाही.

चार दिवस काही आलं नाही. यशोदा रोज वर्गाला यायची, मागच्या बाकावर बसायची, फोन उलटा ठेवायची. मी शिकवताना तिच्याकडे बघायचं टाळत होतो. घरी आमच्या हिने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी सटाण्याची. लग्न होऊन आले तेव्हा अहिराणी बोलायचे. तुम्ही हसला होतात, आठवतं?" मला आठवत नव्हतं. तिला तारीखवार सगळं आठवत होतं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मादाम एव्हलिनना पुन्हा बोलायचं आहे, आणि त्या सरांनीही समोर बसावं.

मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, चष्मा पुसला. आपण सभ्य माणूस आहोत, एवढं तरी दिसावं म्हणून. यशोदाच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. पडद्यावर एव्हलिनबाई पाण्याचा पेला हातात धरून तयार होत्या. मला म्हणाल्या, "म्हणा, मुस्यू, तुम्ही पाणी कसं मागता?" मी पुस्तकातलं वाक्य म्हटलं. 'कृपा करून', 'मला मिळू शकेल का', सगळं सगळं घालून. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात हे संपेपर्यंत माणूस तहानेनं मरेल."

मग त्यांनी त्यांचं वाक्य सांगितलं. तीन शब्दांचं. मी म्हटलं, आणि एव्हलिनबाईंनी 'च्च' केलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा 'च्च'. तिसऱ्यांदाही तेच. माझी जीभ वळतच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी वर्गातला ढ मुलगा होतो, आणि बाई इतक्या खळखळून हसत होत्या की पेल्यातलं पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं. यशोदाला ते वाक्य पहिल्या झटक्यात आलं. एव्हलिनबाई हसायच्या थांबल्या आणि तिला म्हणाल्या, पुन्हा म्हण. ती म्हणाली. मग त्यांनी बाजूला वळून कोणाला तरी खूण केली आणि रोझआजींची चाकाची खुर्ची कॅमेऱ्यासमोर आली.

आजी म्हणजे मूठभर जीव. ओठ घट्ट मिटलेले. यशोदाने त्यांना त्यांच्याच बोलीत विचारलं, पाणी हवं का? आजींचे डोळे हलले. त्यांनी यशोदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या शर्टाकडे, पेनाकडे, चष्म्याकडे. आणि पुटपुटत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. यशोदाला शब्द कळले, अर्थ लागला नाही. तिने एव्हलिनबाईंना विचारलं, "आजी विचारतायत, इन्स्पेक्टर गेला का?"

एव्हलिनबाई सांगू लागल्या. त्यांच्या लहानपणी तिथल्या शाळेत फ्रेंच शिकवायला परवानगी नव्हती. शिकवणाऱ्या बाई तरी गुपचूप शिकवायच्या. शाळा तपासायला इन्स्पेक्टर आला की मुलं फ्रेंच पुस्तकं बाकाखाली लपवायची, इंग्रजी पुस्तकं काढायची, आणि तो जाईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. रोझची स्मृती जाता जाता त्या वर्गात येऊन थांबली आहे. इस्त्रीच्या कपड्यातला, पेन लावलेला माणूस दिसला की ती मुकी होते. डॉक्टर आले तरी हेच. तो जाईपर्यंत पाणीसुद्धा मागत नाही.

मी घाईने खिशाचं पेन काढू लागलो. यशोदाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि हळूच स्वतःकडे वळवला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून मी नाहीसा झालो.

"गेला," ती रोझआजींना म्हणाली. "आता बोला."

आणि आजी बोलू लागल्या. पाणी मागितलं, प्यायल्या, आणि पुन्हा बोलू लागल्या. एव्हलिनबाई हातरुमाल डोळ्यांना लावून ऐकत होत्या. नोकरीचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं, निकालाची मुदत संपायच्या आत, आणि यशोदा गेली. मुलगीही आता तिकडे आहे. पण त्या संध्याकाळी रोझआजी पाऊण तास बोलत होत्या, यशोदा उत्तरं देत होती, आणि मी खुर्ची सोडून भिंतीला टेकून, श्वाससुद्धा ऐकू जाणार नाही असा, शेवटपर्यंत तिथे उभा राहिलो.